राखेच्या बेडमधून टार परत परत येतोय? आधी वार बघा

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. लाकडावर किंवा ब्रिकेटवर (भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर) चालणारा छोटा गॅसिफायर, म्हणजे इंधन कमी हवेत जाळून त्याचा जळाऊ गॅस करणारं यंत्र, आणि त्याच्या पुढे कारखान्यातल्या टाकाऊ राखेच्या गोळ्यांचा गरम बेड, म्हणजे थर. त्या राखेतल्या चुन्याने किंवा लोखंडाने गॅसमधला टार, म्हणजे डांबरासारखा चिकट भाग, तुटावा ही अपेक्षा. नवीन गोळ्या भरल्या की स्क्रबरचं (गॅस पाण्याने धुणाऱ्या टाकीचं) पाणी स्वच्छ राहतं, व्हॉल्व्ह मोकळे फिरतात, इंजिनाचा इनटेक कोरडा राहतो. काही दिवसांनी टार परत येतो. गोळ्या बदलल्या की बरं वाटतं, आणि मग पुन्हा तेच. शेवटी मालक वैतागतो, राखेला नावं ठेवली जातात आणि बेड भंगारात जातो.

असा बेड भंगारात गेलेला बघितला की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी राख चांगली होती. ती काम करून थकलेली नव्हती. बंद करताना आणि पुन्हा पेटवताना ती बिघडली होती. साधारण ४५० ते ७५० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा राखेचा शत्रू आहे. त्या पट्ट्यात असलेल्या बेडवरून गॅस वाहू दिला की चुन्याची राख असो वा लोखंडाची, दोन्ही मार खातात. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीभोवती आहे.

बेड हवाच आहे का?

गॅस थेट भट्टीत किंवा ओव्हनमध्ये जाळत असाल तर राखेचा बेड लावू नका, हे माझं स्पष्ट मत. गरम टार हे इंधनच आहे. पाइप आखूड ठेवा, त्याला चांगलं इन्सुलेशन करा आणि गॅस थंड होण्याआधी बर्नरपर्यंत पोचवा. पावडर कोटिंगचा ओव्हन किंवा हीट ट्रीटमेंटची भट्टी यांना एवढं पुरतं.

इंजिन चालवायचं असेल तर मात्र प्रश्न खरा आहे. इंजिनाला दर घनमीटर गॅसमागे टार १०० मिलिग्रॅमच्या आत आणि धूळ ५० मिलिग्रॅमच्या आत लागते. डाउनड्राफ्ट गॅसिफायर (यात गॅस आगीतून खाली ओढला जातो) नीट चालला तरी टार साधारण ०.१ ते १ ग्रॅमच्या घरात असतो. तासाला १०० किलो लाकूड जाळलं तर सुमारे २५० घनमीटर गॅस निघतो. म्हणजे १ ग्रॅमच्या हिशेबाने तासाला पाव किलो आणि आठ तासांच्या शिफ्टला दोन किलो टार तुमच्या पाइपांतून जातोय. अपड्राफ्टमध्ये (यात गॅस वरच्या ताज्या लाकडातून बाहेर पडतो) हाच आकडा ५० ग्रॅमच्या आसपास जातो आणि गॅस बाहेर पडतो तेव्हा जेमतेम १०० ते ३०० अंश गरम असतो. अपड्राफ्टच्या पुढे थंड बेड ठेवून टार तुटेल अशी आशा धरू नका. तिथे यंत्रच बदलायला हवं.

तापमान आणि ओलावा, हे दोन आधी

राखेतला चुना किंवा लोखंड टारचे मोठे रेणू तोडतं ते वाफेच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या मदतीने. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतो. ही क्रिया व्हायला बेड ८०० ते ९०० अंशांवर हवा. डाउनड्राफ्टमधून गॅस बाहेर येताना बहुधा ७०० अंशांच्या आतच असतो, आणि मधला पाइप उघडा असेल तर बेडपर्यंत पोचेपर्यंत आणखी १०० अंश सहज जातात. म्हणून बेडच्या तोंडाशी थोडी हवा सोडून गॅसचा लहानसा भाग तिथेच जाळावा लागतो, नाहीतर बाहेरून हीटर द्यावा लागतो. हवा सोडली की गॅसची जळून उष्णता देण्याची ताकद थोडी कमी होते, ते मान्य करूनच पुढे जायचं.

थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) तीन हवेत: आत शिरताना, मध्ये आणि बाहेर पडताना. पुष्कळ ठिकाणी एकच असतो आणि तोही हवेच्या जेटसमोर बसवलेला. पॅनेलवर ९०० दिसतं आणि बेडचा खालचा अर्धा भाग ६५० वर बसलेला असतो. तिन्हीतलं सर्वांत थंड ठिकाण ८०० च्या वर आहे का, एवढंच बघा.

ओलाव्याबद्दल लांबण लावत नाही. लाकडात पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की डाउनड्राफ्टची आग मंदावते आणि टार वाढतो. पिरंगुट-मुळशी भागात जून ते सप्टेंबर ताडपत्रीखालचं लाकूडही ओल धरतं. वजन करा, १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, पुन्हा वजन करा. फक्त पावसाळ्यात टार वाढत असेल तर राखेकडे बघूही नका, लाकडावर छप्पर घाला.

बेडचा आकारही एकदा तपासून घ्या. २५० घनमीटर हा थंड गॅसचा हिशेब. ८५० अंशांवर तोच गॅस सुमारे चौपट फुगतो, म्हणजे सेकंदाला २८५ लिटर. गॅसला बेडमध्ये अर्धा ते एक सेकंद तरी मिळायला हवा, म्हणजे बेड १४० ते २८५ लिटरचा. रंगाच्या २० लिटरच्या डब्याएवढा बेड लावून निकाल मागणं हा राखेवर अन्याय आहे.

शुक्रवारचा टार

आता मुख्य दुखणं. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तुमच्या नोंदवहीत टार वाढल्याच्या तारखा बघा आणि त्यांच्यापुढे वार लिहा. शुक्रवार जास्त दिसले तर कारण बहुतेक सापडलं.

भोसरीतल्या एका शेडमध्ये ऑपरेटरने मला हेच सांगितलं. "साहेब, बुधवारी रात्री बंद करताना सगळं ठीक असतं. शुक्रवारी दुपारपर्यंत स्क्रबरचं पाणी चहाच्या रंगाचं." बंद करण्याची त्याची पद्धत विचारली. लाकूड टाकणं थांबवलं की तो ब्लोअर मंद करून चालू ठेवायचा, आत गॅस साचू नये म्हणून. सुरक्षेच्या दृष्टीने विचार बरोबर होता. पण तो सगळा मंद गॅस बेडमधूनच जात होता, आणि बेड हळूहळू थंड होत होता.

त्या वेळी आत काय होतं ते बघू. राखेतला कामाचा भाग म्हणजे कळीचा चुना, अर्थात कॅल्शियम ऑक्साइड. गॅसमध्ये साधारण १२ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. एवढ्या प्रमाणात ७६५ अंशांच्या आसपास तराजू फिरतो: त्याच्या वर चुना मोकळा राहतो, त्याच्या खाली तो कार्बन डायऑक्साइड धरून पुन्हा चुनखडी होतो. आणखी खाली, ४०० अंशांच्या आत, गॅसमधल्या वाफेने उरलेला चुना विरतो आणि त्याची फक्की होते. दोन्ही वेळा कणाचं आकारमान दुपटीच्या आसपास जातं. गोळी आतून फुगते, तडकते, तिचा भुगा खाली बसतो, गॅस मधली वाट सोडून कडेच्या भेगेतून पळतो आणि टार न तुटता पुढे जातो.

लोखंडाच्या राखेची गोष्ट वेगळी वाटते, पण पट्टा जवळपास तोच. ४५० ते ६५० अंशांमध्ये कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू एकत्र येऊन एक कार्बनचा कण टाकून जातात, आणि लोखंड या क्रियेला जोरात चालना देतं. तो कार्बन गोळीच्या भोकांत वाढतो आणि गोळी फोडतो. पोलाद कारखान्यांतल्या झोतभट्टीचं विटांचं अस्तर याच कारणाने खराब होतं, म्हणून त्या विटांमध्ये लोखंडाचा अंश कमी ठेवतात.

शुक्रवारी सकाळी यात भर पडते. पेटवताना गॅसिफायर स्वतःच थंड असतो, त्यामुळे पहिला तासभर गॅसमध्ये सर्वांत जास्त टार असतो. तो टार ५०० अंशांच्या बेडवर सोडला की तुटत नाही, गोळ्यांवर बसतो आणि नंतर तापून त्याचा कडक कार्बन होतो. दुपारी बेड ८५० वर पोचला तरी चुन्यापर्यंत पोचायला गॅसला जागाच उरत नाही.

हे खरंच तुमच्याकडे घडतंय का, ते शेडमध्येच कळतं. थंड बेडमधून एक गोळी काढा आणि मधोमध फोडा. फुटलेल्या बाजूवर लादी धुण्याचं अॅसिड पाणी घालून पातळ करून थेंबभर टाका, हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर. बाहेरच्या कडेला फेस आला आणि मधला भाग शांत राहिला तर चुनखडीचा थर बाहेरून आत चढतोय. सगळीच फसफसली तर गोळी पूर्ण गेली. कुजक्या अंड्याचा वास आला तर चुन्याने गंधक धरलंय. तो वायू विषारी आहे, लगेच बाजूला व्हा. गोळी फोडताना ती बोटांनीच चुरली आणि चुरा पांढरा, मऊ निघाला तर ती विरलेली आहे. लोखंडाच्या गोळीला चुंबक लावा. काळी आणि चिकटणारी असेल तर ठीक. लालसर आणि न चिकटणारी असेल तर कुठून तरी हवा शिरतेय आणि लोखंडाचं पूर्ण ऑक्साइड झालंय.

मफल फर्नेस (प्रयोगशाळेतली छोटी बंद भट्टी) असेल तर आणखी नेमकं कळतं. १०५ अंशांवर वाळवलेला नमुना आधी ५५० अंशांवर हवेत ठेवा आणि वजनातली घट लिहा, मग ९५० वर नेऊन पुन्हा लिहा. दुसरी घट चुनखडीची. पहिली घट कार्बनची किंवा विरलेल्या चुन्यातल्या पाण्याची. काळा नमुना पांढरा-राखाडी झाला तर कार्बन, आधीपासूनच पांढरा होता तर पाणी. लोखंड जास्त असेल तर हवेत त्याचं वजन उलट वाढतं, त्यामुळे अशा राखेला ही चाचणी एकटीच लावू नका.

भोसरीच्या त्या शेडमधला उपाय असा निघाला. बंद करताना बेड अजून ८०० च्या वर असतानाच गॅस बायपासने, म्हणजे बेडला वळसा घालून, फ्लेअरकडे (नको असलेला गॅस जाळून टाकणाऱ्या नळीकडे) वळवायचा. बेडमध्ये गॅस शिरण्याचा व्हॉल्व्ह आधी, बाहेर पडण्याचा नंतर बंद. मग ब्लोअर हवा तेवढा वेळ चालू द्या, तो गॅस बेडला शिवत नाही. बेडमध्ये अडकलेल्या गॅसची काळजी नको. २०० लिटरच्या बेडमध्ये निम्मी पोकळी धरली तरी त्यातल्या गरम गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड पाच-सहा ग्रॅमच असतो. याउलट दशांश वेगाने वाहणारा गॅस अर्ध्या तासात सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड बेडवरून नेतो. फरक एवढा मोठा आहे.

मात्र घट्ट बंद केलेला बेड थंड होताना आतला दाब सुमारे एक चतुर्थांशावर येतो आणि फ्लँजच्या गॅस्केटमधून दमट हवा आत ओढली जाते. गरम गॅसमध्ये हवा शिरणं धोक्याचं, आणि चुन्याला ओल लागणं हे वेगळं नुकसान. म्हणून नायट्रोजनचा सिलिंडर लावा आणि रेग्युलेटरने अगदी किंचित दाब ठेवा. ७ घनमीटरचा नेहमीचा सिलिंडर एवढ्या कामाला बरेच आठवडे पुरतो, गॅस्केट गळकी नसतील तर. सिलिंडर लवकर संपायला लागला तर गळती शोधायची हीच खूण.

पेटवताना क्रम उलटा. आधी बेड इलेक्ट्रिक हीटरच्या कोरड्या गरम हवेने ८०० च्या वर न्या. गेल्या आठवड्याचा कार्बन असेल तर तोही या हवेत जळून जातो, पण हवा एकदम सोडू नका. कार्बन भडकून बेड १००० च्या वर गेला तर चुन्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांची आतली भोकं बुजतात. मग नायट्रोजनने हवा पूर्ण बाहेर काढा. ही पायरी कधीही गाळू नका, गरम हवेवर प्रोड्यूसर गॅस (गॅसिफायरचा गॅस) सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. तोपर्यंत गॅसिफायर बायपासवर, फ्लेअरला. फ्लेअरची ज्योत स्थिर झाली आणि बेडचा सर्वांत थंड थर्मोकपल ८०० च्या वर आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या की बेडचे व्हॉल्व्ह उघडा.

आधीच चुनखडी झालेला बेड फेकू नका. गोळ्या आकार धरून असतील तर ८५० अंशांवर गरम हवेत काही तास ठेवल्या की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. अॅसिडच्या थेंबाला फेस येईनासा झाला की काम झालं. भुगा झाला असेल तर चाळून तेवढाच बदला.

सुरुवातीपासूनच काम करत नसेल तर

अशा वेळी राख चुकीची आहे. "इंडस्ट्रियल अॅश" या नावाखाली पुण्याच्या आसपास जे मिळतं ते एकमेकांपासून फार वेगळं असतं.

औष्णिक वीज केंद्रांची फ्लाय अॅश सर्वांत सहज मिळते, विटांसाठी ती ट्रकने येतेच. पण आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते आणि ती मुख्यतः वाळू-माती गोत्रातली, म्हणजे सिलिका आणि अॅल्युमिना. चुना बहुतेक वेळा ५ टक्क्यांच्या आत. आयएस ३८१२ या मानकात १० टक्क्यांपेक्षा कमी क्रियाशील चुना असलेली राख सिलिकायुक्त गटात धरतात, आपली फ्लाय अॅश तिथे बसते. टार तोडायला ती कमजोर. तिला टाकाऊ मात्र म्हणू नका. तिच्यातलं अॅल्युमिना-सिलिका पोटॅशियमला घट्ट धरतं, म्हणूनच डेन्मार्कमध्ये लाकूड जाळणाऱ्या मोठ्या बॉयलरमध्ये कोळशाची राख मुद्दाम मिसळतात. तिचं काम वेगळं आहे.

साखर कारखान्यांच्या बगॅसची राखही सिलिकाच, वर न जळलेला कार्बन. तो कार्बन गरम असताना टार थोडा अडवतो, म्हणून पहिले काही तास निकाल छान दिसतो. कार्बन संपला की निकालही संपतो. त्या पहिल्या निकालावर विश्वास ठेवून टनभर राख आणू नका. फाउंड्रीच्या क्युपोलाच्या (लोखंड वितळवण्याच्या भट्टीच्या) स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूवरच्या मळीत, चुना असतो, पण तो काचेत कैद झालेला. इंडक्शन फर्नेसचा स्लॅग तर अस्तराच्या सिलिकामुळे बहुतेक आम्लधर्मी.

कामाच्या राखा म्हणजे ज्यांत मोकळा चुना किंवा लोखंड आहे. कागद गिरणीचा गाळ जाळून उरलेली राख चांगली, कारण कागदात भर म्हणून कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. पोलादाच्या आर्क फर्नेसच्या स्लॅगमध्ये चुना आणि लोखंड दोन्ही. अल्युमिना कारखान्यांच्या रेड मडमध्ये (बॉक्साइटमधून उरलेल्या लाल गाळात) लोखंडाचं ऑक्साइड साधारण ३० ते ६० टक्के असतं, पण सोडियमही असतं, आणि सोडियममुळे गोळ्या लवकर मऊ पडतात. अॅसिटिलीन प्लांटचा कार्बाइड गाळ राख नव्हे, पण वाळवून भाजला की जवळपास शुद्ध चुना.

हे चुन्याचंच काम आहे याची मोठ्या प्रमाणावरची साक्ष ऑस्ट्रियातल्या गुसिंगच्या ८ मेगावॅटच्या गॅसिफायरने दिली. तिथे बेडमध्ये ऑलिव्हिन हे खनिज होतं. ताजं ऑलिव्हिन टार फारसं तोडत नव्हतं. वापरता वापरता त्याच्या कणांवर लाकडाच्याच राखेतल्या कॅल्शियमचा थर चढला आणि टार उतरला.

राख घेण्याआधी एक्सआरएफ (क्ष-किरणांनी घटक मोजणारी चाचणी) करून घ्या. त्यासाठी पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत धाव घ्यायची गरज नाही, सिमेंट-काँक्रीट तपासणाऱ्या लॅबमध्ये ते होतं. पण एक्सआरएफ एकूण कॅल्शियम सांगतं, मोकळा चुना नाही. त्याच लॅबला "फ्री लाइम" चाचणीही मागा, सिमेंटवाले ती रोज करतात. आणि सल्फेट विचारा. जिप्समवाली राख गॅसच्या संपर्कात हायड्रोजन सल्फाइड सोडू शकते.

सुटी राख बेडमध्ये घालू नका, ती उडून जाईल नाहीतर दाब अडवेल. फाउंड्रीवाल्यांकडचं बेंटोनाइट (चिकट माती) १० टक्क्यांच्या आसपास मिसळून साधारण १० मिलिमीटरच्या गोळ्या करा, सावलीत वाळवा, ९०० ते ९५० अंशांवर भाजा. याहून जास्त भाजल्या तर गोळी दगडासारखी होते खरी, पण चुना मातीला चिकटून निकामी होतो. मी जरा कमी मजबूत गोळी पसंत करतो. भाजलेल्या गोळ्या झाकणाला रबर असलेल्या पिंपात ठेवा. पावसाळ्यात उघड्या पोत्यात ठेवलेल्या गोळ्या बेडमध्ये जाण्याआधीच विरलेल्या असतात.

अचानक दाब चढला तर

हे टारचं दुखणं कमी आणि क्लिंकरचं, म्हणजे राख वितळून झालेल्या गड्ड्यांचं, जास्त. उसाचं पाचट, गव्हाचा भुसा, सोयाबीनचा भुसकट यांत पोटॅशियम भरपूर. पोटॅशियम आणि सिलिका योग्य प्रमाणात भेटले की ७७० अंशांच्या आसपास वितळायला लागतात. सिलिकावाल्या राखेचा बेड आणि पाचटाचं इंधन ही जोडी जमवली तर बेडमध्ये काचेचे गड्डे होणारच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचं पाचट आणि बगॅस गॅसिफायरमध्ये चालवून दाखवलंय, म्हणजे इंधन म्हणून पाचट चालतं. त्याच्यासमोर कुठली राख ठेवायची ते मात्र नीट ठरवा. पाचटासाठी चुन्याची राख, आणि तिच्याआधी चांगला सायक्लोन (गॅस गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं भांडं), म्हणजे पोटॅशियमची धूळ बेडपर्यंत पोचणारच नाही.

काही जण राख लाकडात मिसळून थेट हॉपरमधून टाकतात. डाउनड्राफ्टच्या हवेच्या नळ्यांपाशी १००० ते १२०० अंश असतात. तिथे ही राख वितळून शेगडी धरते. ती पद्धत सोडा, बेड वेगळाच हवा.

टार काही आठवड्यांनी, हळूहळू वाढत गेला तर

कार्बन साचतोय, धूळ साचतेय किंवा गोळ्यांची भोकं बुजलीत. मॅनोमीटरवर (दाबमापकावर) बेडच्या दोन्ही बाजूंचा दाबातला फरक रोज एकाच प्रवाहाला लिहा. फरक वाढतोय आणि टारही वाढतोय तर धूळ किंवा भुगा. फरक तेवढाच आणि टार वाढतोय तर कार्बन किंवा बुजलेली भोकं. गरम हवेने कार्बन जाळूनही सुधारणा नाही तर भोकं. तेव्हा मात्र गोळ्या बदलायची वेळ खरंच आलेली असते.

आणखी एक फसवी अवस्था आहे. ज्योत सुधारते, हायड्रोजन वाढतो, कार्बन मोनॉक्साइड उतरतो, आणि टार जागचा हलत नाही. लोखंडाची राख कमी तापमानावर वाफ आणि कार्बन मोनॉक्साइडचा अदलाबदलीचा खेळ करतेय, टारला हात लावत नाही. ज्योतीवरून बेडची परीक्षा करू नका. ठरावीक घनमीटर गॅस पांढऱ्या फिल्टर पेपरमधून ओढा आणि डाग बघा. तपकिरी, चिकट डाग असेल तर गॅसिफायर किंवा बेड थंड आहे. काळा, चमकणारा डाग आणि पाइपच्या थंड वळणावर डांबरगोळीच्या वासाचे पांढरे पापुद्रे दिसले तर तापमान पुरेसं आहे, पण नॅप्थलीन उरलंय. ते सर्वांत चिवट. तिथे बेडमधला वेळ वाढवा. खरडून काढलेला टार मुद्दाम हुंगू नका, त्यात कर्करोगकारक संयुगं असतात. आणि बेडजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असल्याशिवाय कुणालाही उभं करू नका. या गॅसचा पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइडच असतो, आणि त्याला वास नसतो.

जुन्या गोळ्या काढताना

लोखंडाच्या गोळ्या गरम असताना उघड्या हवेत काढू नका. गॅसमध्ये राहून लोखंड अतिशय बारीक, उघडं झालेलं असतं आणि हवा लागताच आपोआप पेटू शकतं. नायट्रोजनमध्ये पूर्ण थंड होऊ द्या, मग थोडी थोडी हवा सोडा, थर्मोकपल चढतोय का बघत. चुन्याच्या गोळ्यांवर विझवायला पाणी मारू नका, कळीचा चुना उकळून डोळ्यांत उडतो.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत फ्लाय अॅश, रेड मड आणि स्लॅग यांना घातक यादीतून वगळलंय, पण तो हिशेब कोऱ्या राखेचा. तुमच्या बेडमधून निघालेल्या गोळ्यांवर टार बसलेला आहे. शेतात चुना म्हणून त्या पसरू नका, शेजारच्या वीटभट्टीलाही तशाच देऊ नका. आधी गरम हवेत कार्बन आणि टार पूर्ण जाळा, मग नमुना लॅबमध्ये तपासून घ्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतीपत्रात त्या कचऱ्याची नोंद कशी आहे ते बघून विल्हेवाट लावा.